चार तास बावीस मिनिटं

फ्लाइट प्लॅन हा तसा साधा कागद. विमान कुठून कुठे जाणार, किती उंचीवरून जाणार, पर्यायी विमानतळ कोणता, हे सगळं चौकटींत भरायचं. त्यातल्या दोन चौकटी मात्र एकमेकींशेजारी ठेवूनच वाचायच्या असतात. एकीत प्रवासाला लागणारा वेळ असतो आणि दुसरीत टाकीतलं इंधन किती वेळ पुरेल ते. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी बोलिव्हियातल्या सांता क्रूझ शहराच्या विरू विरू विमानतळावर ‘लामिया’ नावाच्या छोट्या चार्टर कंपनीने (म्हणजे अख्खं विमान भाड्याने देणाऱ्या) जो प्लॅन भरून दिला, त्यात पहिल्या चौकटीत ४ तास २२ मिनिटं लिहिली होती. दुसऱ्या चौकटीतही ४ तास २२ मिनिटंच.

विमानतळ सेवेच्या सरकारी कार्यालयात प्लॅन तपासायला सेलिया कास्तेदो बसल्या होत्या. त्यांच्या हे लक्षात आलं. प्रवास आणि इंधन मिनिटामिनिटाला सारखं कसं, दुसरा पर्यायी विमानतळ का लिहिलेला नाही, असं त्यांनी कंपनीचे डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणाचं नियोजन आणि कागदपत्रं बघणारे, अ‍ॅलेक्स किस्पे यांना विचारलं. कास्तेदोंच्या सांगण्याप्रमाणे उत्तर मिळालं ते असं : कॅप्टननेच हा आकडा दिलाय, आम्ही त्याहून लवकर पोचू. त्यांनी आपल्या हरकती नोंदवल्या, एकूण पाच. प्लॅन तरीही पुढे सरकला आणि विमान उडालं. किस्पे स्वतः त्याच विमानात होते.

विमानात एकूण ७७ जण होते. ब्राझीलच्या शापेको या गावाचा ‘शापेकोएन्से’ हा फुटबॉल संघ कोलंबियातल्या मेदेयीनला चालला होता. कोपा सुदामेरिकाना स्पर्धेच्या अंतिम फेरीचा पहिला सामना ३० नोव्हेंबरला तिथे व्हायचा होता. संघासोबत प्रशिक्षक होते, पदाधिकारी होते, पत्रकार होते. मेदेयीनचा विमानतळ वीस किलोमीटरच्या आत आलेला असताना विमान ला युनिऑन गावाजवळच्या सेर्रो गोर्दो डोंगरावर आदळलं. ७१ जण गेले, त्यात १९ खेळाडू. सहा जण वाचले.

या अपघाताबद्दल फुटबॉलच्या अंगाने भरपूर लिहिलं गेलंय. मला यात कंपनी महत्त्वाची वाटते. कारण २८ नोव्हेंबरच्या सकाळी कोणी लामियाचा सुरक्षेचा इतिहास काढून पाहिला असता, तर त्याला एकही जीवघेणा अपघात सापडला नसता. पाटी कोरी होती. आणि त्या कोऱ्या पाटीवर विश्वास ठेवून माणसं विमानात बसली.

इंधनाचा हिशोब

जेट विमानात इंधन किती भरायचं याचा आंतरराष्ट्रीय नियम सरळ आहे. मुक्कामापर्यंत लागेल तेवढं इंधन हवं. वारा उलटा लागला, वळसा पडला तर हाताशी असावं म्हणून त्यावर साधारण ५ टक्के. मुक्कामाला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यापुरतं. आणि या सगळ्यानंतर, दीड हजार फुटांवर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढा शेवटचा साठा. हा साठा वापरण्यासाठी नसतोच, तो टाकीत शिल्लक ठेवून उतरायचं असतं. उतरताना त्याला हात लागणार असं दिसलं, की वैमानिकाने ‘मेडे फ्युएल’ पुकारायचं. म्हणजे आणीबाणी जाहीर करायची.

आपल्याकडे दुचाकी रिझर्व्हला लागली की माणूस पुढच्या पंपापर्यंत रेटतो, आणि नाहीच पोचली तर उतरून ढकलतो. विमानात ढकलायला रस्ता नसतो, म्हणून तो अर्धा तास.

लामियाचं विमान होतं अ‍ॅव्हरो आरजे ८५. चार छोट्या इंजिनांचं, मुळात कमी अंतराच्या फेऱ्यांसाठी बनवलेलं, १९९९ मधलं, अमेरिका आणि आयर्लंडच्या कंपन्यांकडे वापरून झालेलं. सांता क्रूझ ते मेदेयीन हे अंतर सरळ रेषेत तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि या विमानाचा पूर्ण टाकीवरचा पल्लाही जवळजवळ तेवढाच. विमानात सुमारे ९,३०० किलो इंधन होतं, म्हणजे टाकी व्यवहारात भरलेलीच. त्यात आणखी भरायला जागा नव्हती. त्यामुळे प्रश्न इंधन कमी भरल्याचा नव्हताच. या विमानाने हा प्रवास वाटेत न थांबता करायचाच नव्हता.

थांबायला जागा होत्या. बोलिव्हियाच्या उत्तरेला कोबीहा आहे. कोलंबियाच्या हद्दीत शिरल्या शिरल्या, अगदी मार्गावर, लेतिसिया आहे. आणि मेदेयीनच्या अलीकडे राजधानी बोगोटा, जिच्या जवळूनच विमान जाणार होतं. कंपनीचे संचालक गुस्ताव्हो व्हार्गास यांनी अपघातानंतर पत्रकारांना सांगितलं, की खरं तर कोबीहाला इंधन घ्यायचं होतं, पण निघायला उशीर झाला आणि तो विमानतळ रात्री चालत नाही. मग बोगोटाला घ्यायचं ठरलं असणार. पण कार्यालयात दिलेल्या प्लॅनमध्ये थांब्याचा उल्लेखच नव्हता. थेट मेदेयीन, ४ तास २२ मिनिटं.

वैमानिकांना हे कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. कॉकपिटमधल्या आवाजाच्या नोंदीत इंधनाविषयी बोलणं आहे, वाटेत लेतिसियाला किंवा बोगोटाला उतरावं का याचा विचार आहे. ही नोंद अपघाताच्या दीड तासाहून जास्त आधीच बंद पडलेली होती, त्यामुळे पुढे काय बोलणं झालं ते कोणालाच ऐकता आलं नाही.

मालकच कॅप्टन

लामियाची सुरुवात व्हेनेझुएलातली, मेरिदा शहरातली. तिथे जम बसला नाही आणि विमानं बोलिव्हियात आली. बोलिव्हियातल्या कंपनीकडे तीन आरजे ८५ होती, त्यातली उडण्याजोगी एक. म्हणजे कंपनी म्हणजे एक विमान. ते जमिनीवर राहिलं तर त्या दिवशी कमाई शून्य. पैशांची ओढाताण होती आणि कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर होत नव्हते, हेही तपासात पुढे आलं.

त्या रात्री विमान चालवणारे कॅप्टन मिगेल किरोगा हे पूर्वी बोलिव्हियाच्या हवाई दलात होते आणि लामियाचे सहमालकही होते. या प्रकरणातली ही एक गोष्ट मला सगळ्यात जास्त सतावते. मोठ्या कंपनीत वाटेत उतरायचं ठरलं तर विमानतळाचं शुल्क, इंधन भरण्याचा खर्च, वाया जाणारा वेळ यांचा भार कंपनीवर पडतो, आणि निर्णय घेणारा कॅप्टन पगारी माणूस असतो. त्याच्या पगारातून काही जात नाही. डिस्पॅचर ‘एवढ्या इंधनावर मी सही करणार नाही’ म्हणू शकतो, आणि त्याच्या पाठीशी त्याचा वेगळा विभाग असतो. इथे कॅप्टन थांबला असता तर खर्च त्याच्याच खिशातून. आणि डिस्पॅचरने नाही म्हणायचं ते कोणाला, तर आपल्या मालकाला. किस्पे यांनी काउंटरवर दिलेलं उत्तर मी त्या नजरेने वाचतो. त्यात बेफिकिरी असेलही, पण त्याहून जास्त मला नोकराची अगतिकता दिसते. कास्तेदोंनी नियमाबद्दल विचारलं होतं, आणि उत्तरात किस्पे यांच्याकडे द्यायला फक्त मालकाचा शब्द होता.

या कंपनीने आपला धंदा नेमका शोधला होता. दक्षिण अमेरिकेत फुटबॉलच्या स्पर्धा अख्ख्या खंडभर चालतात. लहान गावांतल्या संघांना नेहमीच्या विमानांनी जायचं तर दोन-तीन ठिकाणी बदलत, रात्र विमानतळावर काढत जावं लागतं. त्याऐवजी थेट, फक्त आपल्या संघासाठी, परवडणाऱ्या दरात विमान मिळत असेल तर कोणता क्लब नाही म्हणेल? शापेकोएन्से त्याआधी एका सामन्यासाठी याच कंपनीच्या विमानाने कोलंबियातल्या बारांकियाला जाऊन आला होता. ज्यांच्याविरुद्ध अंतिम सामना होता तो मेदेयीनचा अ‍ॅटलेटिको नासिओनाल संघही लामियाने उडालेला. त्याच नोव्हेंबर महिन्यात मेस्सीसह अर्जेंटिनाचा राष्ट्रीय संघ नेमक्या याच विमानाने ब्राझीलहून मायदेशी परतला होता. ज्या कंपनीने मेस्सीला सुखरूप पोचवलंय, तिची आणखी चौकशी कशाला करायची?

या वेळी क्लबला ब्राझीलहून लामियानेच थेट मेदेयीनला जायचं होतं. ब्राझीलच्या नागरी विमान वाहतूक संस्थेने परवानगी नाकारली. ब्राझील ते कोलंबिया अशी चार्टर फेरी या दोन देशांपैकी एकाच्याच कंपनीने करायची, बोलिव्हियाच्या कंपनीला ती करता येत नाही, हे कारण होतं. त्यामुळे संघ साओ पाउलोहून नेहमीच्या प्रवासी विमानाने सांता क्रूझला आला आणि तिथून लामियाच्या विमानात बसला. ही नकाराची पायरी सुरक्षेसाठी नव्हती, हक्कांच्या करारासाठी होती. तरीही दुसरी कंपनी बघण्याची ती एक संधी होती.

निभावलं

आपल्या भाषेत ‘निभावून नेलं’ हे कौतुकाचं वाक्य आहे. पैसे कमी होते, माणसं कमी होती, वेळ नव्हता, तरी निभावून नेलं. घरच्या लग्नात ते ठीक आहे. विमान कंपनीच्या बाबतीत या शब्दाला मी फार घाबरतो.

कारण त्या रात्रीचा जुगार पहिला नव्हता. कोलंबियाच्या तपास पथकाने कंपनीच्या आधीच्या फेऱ्या तपासल्या, तेव्हा नियमाने जेवढं इंधन शिल्लक हवं त्यापेक्षा कमी इंधनावर केलेली उड्डाणं सापडली. मेदेयीन ते सांता क्रूझ हाच लांबचा पल्ला याच विमानाने आधीही एका दमात कापलेला होता. प्रत्येक वेळी विमान उतरलं, प्रवासी बॅगा घेऊन घरी गेले आणि कंपनीच्या खात्यात आणखी एक यशस्वी फेरी जमा झाली. वैमानिकाच्या मनात त्याची नोंद ‘आज थोडक्यात वाचलो’ अशी होऊ शकली असती. मला वाटतं ती ‘हे विमान एवढं जातं’ अशी झाली. पुढच्या वेळी ४ तास २२ आणि ४ तास २२ हे आकडे शेजारी लिहिताना हात थबकला नाही, तो त्यामुळेच.

अपघातांची संख्या मोजली की अशी कंपनी निर्दोष दिसते. खरा इतिहास दुसऱ्याच आकड्यात होता : प्रत्येक फेरीच्या शेवटी, चाकं टेकल्यावर, टाकीत किती किलो उरलं. हा आकडा गुपित नसतो. विमानाच्या नोंदवहीत असतो, पुढच्या वेळी किती भरलं त्या पावतीवरून काढता येतो. दहा फेऱ्यांचे दहा आकडे एका ओळीत मांडायला तासाभराचं काम. ते कोणीतरी करायला हवं होतं. कंपनीत ते करणारं वेगळं माणूसच नव्हतं आणि ज्यांनी बाहेरून बघायचं, त्या बोलिव्हियाच्या नागरी विमान वाहतूक खात्याने पाहिलं नाही. त्या खात्याच्या विमान नोंदणी कार्यालयात लामियाच्या संचालकांचा मुलगा मोठ्या पदावर होता. अपघातानंतर वडील आणि मुलगा दोघांनाही अटक झाली. एवढ्यावरून कोणी कोणासाठी डोळेझाक केली हे सिद्ध होत नाही. पण जिथे तपासणाऱ्याच्या टेबलावर घरचाच माणूस बसलेला आहे, तिथे कंपनीची कोरी पाटी ही पुरावा म्हणून धरताच येत नाही.

शेवटची दहा मिनिटं

विमान मेदेयीनच्या दक्षिणेला पोचलं तेव्हा रात्रीचे पावणेदहा होत आले होते. हा विमानतळ शहरापासून दूर, रिओनेग्रोच्या पठारावर, सात हजार फूट उंचीवर आहे. भोवती डोंगर. त्याच वेळी इंधनगळतीचा संशय आलेलं दुसऱ्या कंपनीचं एक प्रवासी विमान तिकडे वळवण्यात आलं होतं आणि नियंत्रकाने त्याला आधी उतरवायला घेतलं. लामियासह बाकीच्यांना घिरट्या घालत थांबायला सांगितलं. रोजची गोष्ट. याचसाठी तर तो अर्ध्या तासाचा साठा असतो.

किरोगांनी घिरट्या सुरू केल्या. एक फेरा, दुसरा फेरा. तोवर विमान हवेत साडेचार तास होऊन गेले होते, म्हणजे त्यांच्याच कागदावरचा इंधनाचा वेळ संपलेला होता. तरी नियंत्रकाला त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं ते एवढंच, की इंधनाची अडचण आहे, उतरायला प्राधान्य द्या. आवाज शांत, बोलणं अदबीचं. नियंत्रण कक्षातल्या बाईंना यावरून कसं कळावं की या माणसाकडे आता काही मिनिटंच उरलीत? त्यांनी थोडा वेळ लागेल असं सांगितलं. मग आणीबाणीचा शब्द आला. आणि मग वीज आणि इंधन दोन्ही पूर्ण गेल्याचा निरोप. मधल्या काळात चारही इंजिनं एकामागून एक बंद पडत गेली, पण इंजिनं बंद पडताहेत हे नियंत्रण कक्षाला कधीच सांगण्यात आलं नाही.

किरोगा आधी का बोलले नाहीत? माझा अंदाज असा. ‘मेडे फ्युएल’ म्हटलं की उतरल्यावर चौकशी होते, टाकी मोजली जाते, प्लॅन मागवला जातो. एका विमानाच्या कंपनीचा परवाना त्यात जाऊ शकतो. आजवर निभावलेल्या सगळ्या फेऱ्या त्या एका शब्दाने उघड्या पडल्या असत्या. कदाचित ते धावपट्टीच्या दिव्यांची वाट बघत शेवटपर्यंत तो शब्द टाळत राहिले.

इंजिनं गेली की जनरेटर जातात. केबिनमधले दिवे गेले. वाचलेले रेडिओ पत्रकार राफाएल हेन्झेल यांनी नंतर सांगितलं, की इंजिनांचा आवाज थांबला, अंधार झाला, आणि प्रवाशांना कोणी काहीच सांगितलं नाही. खाली नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाची उंची दिसेनाशी झाली. त्या दिशा सांगत राहिल्या, धावपट्टी किती मैलांवर आहे ते सांगत राहिल्या. शेवटी त्यांच्या हाकेला उत्तर यायचं थांबलं. रात्रीचे ९ वाजून ५९ मिनिटं. सांता क्रूझहून सुटल्यापासून ४ तास ४१ मिनिटं.

नंतर या नियंत्रक बाईंना लोकांनी धमक्या दिल्या. तपासात त्यांची चूक आढळली नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवं.

पावसाने निसरड्या झालेल्या डोंगरावर बचावपथकं पायी चढली. विमानाचे तुकडे झाले होते, पण आग कुठेच लागलेली नव्हती, कारण पेट घ्यायला टाकीत काहीच नव्हतं. गोलरक्षक फोलमन यांचा पाय कापावा लागला. बचावपटू नेतो तर कित्येक तासांनी, सगळ्यात शेवटी, ढिगाऱ्याखाली जिवंत सापडले. आलान रुशेल पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बार्सिलोनाविरुद्ध मैदानात उतरले. नासिओनालने स्पर्धेचं विजेतेपद शापेकोएन्सेला द्यावं अशी विनंती केली आणि ती मान्य झाली.

उरलेले कागद

बोलिव्हियाने लामियाचा परवाना तीन दिवसांत स्थगित केला. एक विमान गेलं, दोन आधीच बंद, त्यामुळे बंद करायला तरी काय उरलं होतं? कोलंबियाचा अंतिम अहवाल एप्रिल २०१८ मध्ये आला. इंधनाचं चुकीचं नियोजन, वाटेत न थांबण्याचा निर्णय, वेळेत आणीबाणी न पुकारणं, आणि कंपनीवर देखरेख नसणं, हे सगळं त्यात आहे.

कास्तेदो अपघातानंतर लगेच सीमा ओलांडून ब्राझीलमध्ये गेल्या आणि त्यांनी आश्रय मागितला. आपल्याला हरकती बदलायला दबाव आणला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. बोलिव्हियाच्या सरकारने त्यांच्यावरच कर्तव्यात कसूर केल्याचा आरोप ठेवला. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्राझीलच्या सीमेवरच्या कोरुम्बा शहरात त्यांना अटक झाली. प्लॅन अडवण्याचा अधिकार त्यांच्या खुर्चीला होता का, यावर दोन्ही बाजूंनी वाद झाला. मला इतकंच दिसतं की त्या दिवशी त्या कागदावर लेखी प्रश्न विचारणारी व्यक्ती त्या होत्या. त्या प्रश्नांवर विमान थांबवण्याची व्यवस्था त्यांच्या वर कुठेतरी असायला हवी होती.

आणि विमा. कुटुंबीयांनी भरपाई मागितली तेव्हा कळलं की कंपनीच्या विम्याची मर्यादा आधी ३० कोटी डॉलर होती, ती उतरवून अडीच कोटी डॉलरवर आणलेली होती. विमा कंपन्यांनी तेही द्यायला नकार दिला. त्यांची कारणं अशी : हप्ता थकला होता आणि पॉलिसीत ज्या देशांवरचं उड्डाण वगळलेलं होतं, त्यांत कोलंबिया होता. ज्या देशाचा विमा नाही, त्या देशात ही कंपनी संघांना नेत-आणत होती, आणि तिला उड्डाणाची परवानगी देणाऱ्या दोन्ही टोकांच्या कार्यालयांपैकी कोणी पॉलिसीचं ते पान मागितलं नाही. क्लबनेही नाही. भरपाईऐवजी एक मदतनिधी पुढे करण्यात आला, पण तो घेणाऱ्याने दाव्याचा हक्क सोडायचा अशी अट होती. पुष्कळ घरांनी तो नाकारला. २०१९ मध्ये खेळाडूंच्या विधवा लंडनला जाऊन विमा व्यवसायातल्या कंपन्यांच्या दारात उभ्या राहिल्या, त्याच वर्षी ब्राझीलच्या सेनेटने चौकशी समिती नेमली. एका सामन्यासाठी घरून निघालेल्या माणसांच्या बायकांना तीन वर्षांनी, परक्या भाषेत, पॉलिसीतली वगळलेल्या देशांची यादी वाचायला शिकावं लागलं.